मदत हवी आहे: अप्पांचा २०११ चा लॅपटॉप, कुलवृत्तान्त आणि शिवाजी फॉन्ट

केवडा:
नमस्कार मंडळी. माझे वडील (अप्पा) निवृत्त शिक्षक, वय ७६, दापोलीजवळ गावी असतात. त्यांचा लॅपटॉप २०११ सालचा आहे. कोअर आय३, दुसरी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज ७. त्यावर ते गेली ९ वर्षं आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त टाइप करताहेत. नवीन घेऊन देते म्हटलं की "ह्याला काय धाड भरलीय?"

तर धाड अशी. चार्जर काढला की मशीन बंद. परत चालू केलं की तारीख १ जानेवारी २०११. मग कुठलीही साइट उघडा, लाल त्रिकोण आणि 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही'. बँकेने आपल्याला काळ्या यादीत टाकलंय अशी अप्पांची खात्री झाली आहे. शिवाय सुरू व्हायला ७ मिनिटं लागतात, घड्याळ लावून मोजली. तेवढ्यात अप्पा चहा करून, पिऊन, कप विसळून येतात.

तालुक्याच्या दुकानात "मदरबोर्ड गेलाय, भंगारात द्या" असं सांगितलं. मला मुख्य भीती फॉरमॅटची आहे. सगळं लिखाण शिवाजी फॉन्टमध्ये आहे. माझ्याकडे फाइल उघडली तर नुसती रोमन अक्षरांची भेळ दिसते. पुढच्या आठवड्यात ४ दिवस गावी जातेय. सोबत काय काय नेऊ?

खटपट्या:
मदरबोर्ड गेला असता तर चहा होईपर्यंतसुद्धा काही दिसलं नसतं. तारीख मागे जाते म्हणजे आतला सीमॉसचा सेल (मशीन बंद असताना तारीख-वेळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी) संपलाय. मुख्य बॅटरीही मेलेली, म्हणून प्लग काढला की घड्याळ बंद पडतं. सेल बहुधा सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याला दोन वायरी आणि पिन लावलेली असते, तेव्हा आधी उघडून बघा, मगच आणा. लाल त्रिकोणही त्याचाच. साइटच्या प्रमाणपत्रावर (साइट खरी असल्याचा दाखला) चालू वर्षाची तारीख, मशीन उभं २०११ मध्ये. त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही.

तारीख दुरुस्त झाली तरी विंडोज ७ वर बँक नको. १४ जानेवारी २०२० पासून त्याचे अपडेट बंद आहेत, क्रोमही १०९ व्या आवृत्तीवर थांबलंय.

रिकामा_खिसा:
ताई, सरळ रिफर्बिश्ड घ्या. १४ वर्षांच्या मशीनवर पैसे घालणं म्हणजे वाळूत मुतणं. (शब्दाबद्दल क्षमस्व.)

खटपट्या:
प्रोसेसर टायपिंगला भरपूर आहे हो. ७ मिनिटं खातेय ती हार्डडिस्क.

केवडाताई, फॉरमॅट करूच नका. जुनी डिस्क आहे तशी बाहेर काढा, यूएसबीच्या केसमध्ये घाला आणि कपाटात ठेवा. त्याआधी कागदपत्रं दोन ठिकाणी कॉपी. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी (फिरती चकती नसलेली, वेगवान डिस्क) बसवा, २५६ जीबी पुष्कळ झाली. दुकानात '२.५ इंची साटा' असं स्पष्ट सांगा, नाहीतर च्युइंगगमसारखी चपटी एम.२ हातात देतील, ती यात बसत नाही. रॅमची एक जागा रिकामी असेल तर डीडीआर३ ची ४ जीबी पट्टी. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावू नका. विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. म्हणून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली), त्यातलं हलकं एक्सएफसीईवालं. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं.

शाईपेन:
फॉन्टची काळजी सोडा. मी छापखान्यात २० वर्षं हेच निस्तरतोय. शिवाजी म्हणजे रोमन अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधली त्याची फाइल मिंटमध्ये टाका, लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) तोच फॉन्ट निवडा आणि कीबोर्ड इंग्रजीच ठेवा. अप्पांची बोटं पूर्वीच्याच कळांवर पडतील.

एक गोष्ट मात्र आठवणीने करा. ऑटोकरेक्टमधलं 'वाक्याचं पहिलं अक्षर मोठं' हे बंद करायचं. नाहीतर पूर्णविरामानंतर लहान अक्षराचं मोठं होतं आणि शिवाजीत भलतंच मराठी अक्षर उमटतं. माणूस म्हातारा असला की दोष स्वतःच्या बोटांना देतो.

युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारी पद्धत) करायचं ते छापायच्या वेळी. कन्व्हर्टर बरंच काम करतात, पण पहिली वेलांटी आणि रफार एकेक तपासावे लागतात. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. कुलवृत्तान्तात माणसांची नावं, तिथे चूक म्हणजे भावकीत भांडण.

गुहागरी:
उघडलाच आहे तर पंखाही साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती टूथपिकने अडवून धरा, मोकळी फिरू देऊ नका. आमच्याकडे पावसाळ्यात आत मुंग्यांनी अंडी घातली होती. आणि टचपॅड वर उचललेलं दिसतंय का बघा. तसं असेल तर बॅटरी फुगलीय, ती टोचू-दाबू नका, काढून ठेवा. प्लगवर चालेल मशीन.

केवडा:
परत आले, म्हणून कळवते. सेल वायरवालाच निघाला, तो शोधण्यात एक दिवस गेला. बॅटरी फुगलेली नव्हती, नुसतीच मेलेली, ती काढली. एसएसडी आणि मिंट टाकलं. सुरू व्हायला आता ३५ सेकंद. शाईपेनकाका, ऑटोकरेक्ट बंद केलं. अप्पा मागच्या महिन्यापासून "माझी बोटं चळतात" म्हणत होते, त्यांच्या वर्डमध्येही तेच चालू झालेलं सापडलं!

माझ्या फोनचा हॉटस्पॉट मात्र लॅपटॉपला दिसेचना. फोनमध्ये ५ गिगाहर्ट्झचं २.४ केल्यावर दिसला, जुनं वायफाय तेवढंच ओळखतं.

आता एकच राहिलंय. अप्पांना पानाखाली तळटीप घालायची आहे, पण तळटिपेचा आकडा शिवाजीत न येता दुसऱ्या फॉन्टात येतो. लिब्रेऑफिसमध्ये हे कुठे बदलायचं? रोज सकाळी फोन येतो.

शाईपेन:
एफ११ दाबा, स्टाइल्सची यादी उघडेल. तिथे कॅरेक्टर स्टाइल्समध्ये तळटिपेच्या दोन शैली आहेत, एक वरच्या मजकुरातल्या आकड्याची, एक खालच्या. दोन्हींचा फॉन्ट शिवाजी करा. अप्पांना नमस्कार सांगा.