रात्रीच्या पोस्टवर एकटा गार्ड: ही पद्धत बंदच करावी का?

रातपाळी
माझं मत स्पष्ट आहे: रात्री एकट्या गार्डची पोस्ट नकोच. सराईत चोर कुलपाच्या आधी गार्डला गाठतो. तो बांधला गेला की कळवणारं कोणी उरत नाही, कॅमेरे नुसतं चित्रण करत राहतात. एकटा माणूस राउंडला गेला की गेट मोकळं, गेटवर थांबला की मागची भिंत मोकळी. चक्कर येऊन पडला तर सकाळी रिलीव्हर (पाळी बदलायला येणारा गार्ड) येईपर्यंत कोणाला पत्ता नाही. दुसरा माणूस मिळणार नसेल तर एजन्सीने ती साइट घेऊच नये.

तिजोरी
नाही पटलं. बोस्टनचं इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालय, १८ मार्च १९९०, रात्री दीडच्या आत-बाहेर. ड्युटीवर दोन गार्ड होते. पोलिसांच्या वेशातल्या दोघांनी "गडबडीची तक्रार आहे" असं सांगितलं आणि डेस्कवरच्या गार्डने दार उघडलं. तुझ्या नावाचं वॉरंट आहे असं म्हणत त्यांनी त्याला डेस्कमागून बाहेर बोलावलं. बाहेर खबर देणारं एकमेव पॅनिक बटण त्याच डेस्कवर होतं. दुसऱ्या गार्डला बोलावून घेतलं आणि तोही बेड्यांत अडकला. ८१ मिनिटांत १३ कलाकृती गेल्या, त्या अजून सापडलेल्या नाहीत.

चूक माणसांच्या संख्येची नव्हती. वेश पाहून दार उघडायचं नाही. आपल्याकडे आधीपासून लिहून ठेवलेल्या नंबरवर पोलीस नियंत्रण कक्षाला फोन करायचा, दारातल्या माणसाने दिलेल्या नंबरवर नाही. खात्री होईपर्यंत दार बंद. पॅनिक बटण डेस्कवर आणि गार्डच्या अंगावर, दोन्ही ठिकाणी हवं.

रातपाळी
उदाहरण योग्य आहे, पण त्याचा शेवट तुम्ही सोडलात. ते दोघे गार्ड सकाळी आठनंतर सापडले. जवळजवळ सात तास बाहेरून कोणी चौकशी केली नाही! शिवाय नियम पाळायला डोकं जागं लागतं. दुपारी १२ ला उठलेला गार्ड पहाटे ५ वाजता १७ तास जागा असतो. इतक्या जागरणानंतर हातांची आणि नजरेची चपळता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, हे डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं. रिलीव्हर आला नाही म्हणून त्याच माणसाकडून डबल ड्युटी करून घेतली तर तुमची कार्यपद्धती कागदावरच राहील.

कंट्रोलरूम
त्या सात तासांवर उपाय आहे, चेक कॉल, म्हणजे गार्ड ठीक आहे ना हे बघायला कंट्रोल रूममधून केलेला फोन. साधारण तासाला एक, पण नेमक्या ठोक्याला नाही. उत्तर आलं नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा फोन, तरीही नाही तर सुपरवायझर निघालाच पाहिजे. "झोपला असेल" म्हणून सोडून दिलं की पद्धत त्याच रात्री मेली. कॉलमध्ये एक धोक्याचा शब्द ठरलेला असावा. तो रोजच्या बोलण्यात खपून जाणारा हवा, कारण गळ्याशी सुरी असताना गार्डला तो सहज उच्चारता आला पाहिजे.

जोडीला अंगावरचं मॅन-डाऊन यंत्र. ते आडवं झालं किंवा ठरावीक वेळ हललं नाही की कंट्रोल रूमला अलार्म जातो. पण गार्ड ते टेबलावर काढून ठेवतो, खोटे अलार्म वाजत राहतात आणि चार दिवसांत कोणीतरी ती सोयच बंद करतं. यंत्र पट्ट्याला अडकवलंय का, हे पोस्ट सुरू होतानाच बघायचं.

रातपाळी
आणि कॅमेऱ्यापुढे बसलेला तुमचा ऑपरेटर? रडारवर टक लावून बसणाऱ्यांसाठी मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये प्रयोग केले, त्यात पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढल्या होत्या.

कंट्रोलरूम
मान्य. म्हणून त्याला दर अर्ध्या तासाने स्क्रीनवरून उठवायचं आणि हालचालीचा अलार्म आला की तोच कॅमेरा समोर आणायचा. सोळा चौकटींकडे सलग बघायला लावणं म्हणजे काहीच न बघणं.

तिजोरी
राउंडबद्दल तर कोणी बोललंच नाही. दर तासाच्या ठोक्याला निघणारा राउंड चोराला वेळापत्रक देतो. कधी ३५ मिनिटांनी, कधी ७० मिनिटांनी निघायचं, दिशाही बदलायची. गार्ड तिथवर गेला याची नोंद व्हावी म्हणून वाटेवर लावलेले, स्कॅन करायचे टॅग भिंतीवरून उपटून केबिनमध्ये आणले जातात, हेही होतं. दहा मिनिटांच्या वाटेवरचे सगळे टॅग दोन मिनिटांत स्कॅन झालेले दिसले की समजायचं.

केबिनचा दिवाही बघा. आत लख्ख आणि बाहेर अंधार असेल तर चोराला गार्ड दिसतो, गार्डला काच. आतला उजेड मंद करून बाहेरचा वाढवायचा. तिजोरीच्या चाव्या पोस्टवर ठेवायच्याच नाहीत, आणि तशी पाटी गेटवर लावायची.

रातपाळी
चाव्यांचं शंभर टक्के पटलं, कारण चावी असलेल्या गार्डला मारहाण करून काहीतरी मिळतं. आठ तासांची पाळी, चेक कॉल आणि अंगावरचं बटण, हे तिन्ही लेखी असेल तर बंद फाटकाआड बसणाऱ्या एकट्या गार्डला माझा विरोध नाही. पण मागच्या भिंतीचा राउंड त्याच्या गळ्यात घालू नका. त्यासाठी फिरती गाडी ठेवा, आणि तिच्यात दोघं हवेत.