ख्वाजा गरीब नवाजांचा चेहरा कोणी बघून काढला?

विदर्भकन्या
आमच्या घरी देवघराशेजारच्या भिंतीवर दोन फ्रेमा आहेत, एक नागपूरच्या ताजुद्दीन बाबांची आणि दुसरी आजीने अजमेरहून आणलेली ख्वाजासाहेबांची, म्हणजे सुफी संत मोईनुद्दीन चिश्ती, गरीब नवाज यांची. बाबा १९२५ ला गेले, त्यांचा फोटोच आहे, पण ख्वाजासाहेब तर १२३६ मधे गेले ना, मग त्यांचा चेहरा कुठून आला? लेक रोज विचारते.

जुनी_पानं
बघून कोणीच नाही काढला ताई. जुन्यातलं गाजलेलं चित्र आहे बिचित्रचं, जहांगीरच्या दरबारातला चित्रकार, साधारण १६२० चं, म्हणजे ख्वाजासाहेबांनंतर जवळपास चारशे वर्षांनी. पांढरी दाढी, साधे कपडे, हातात पृथ्वीचा गोल आणि त्यावर मुकुट. आता डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. जहांगीरची भक्ती वरवरची नव्हती, १६१४ मधे आजारातून उठल्यावर त्याने ख्वाजासाहेबांचा गुलाम म्हणून कान टोचून मोती घातले होते.

रंगारी_पुणे
याच बिचित्रचं वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीतलं चित्र लेकीला नक्की दाखवा. वाळूच्या घड्याळावर बसलेला जहांगीर, खाली तुर्कांचा सुलतान आणि इंग्लंडचा राजा जेम्स ताटकळत उभे, आणि बादशहा पुस्तक देतोय ते अजमेरच्या दर्ग्याच्या शेख हुसेनना. झूम करून हात बघा, शेख पुस्तक थेट हातात घेत नाहीत, अंगावरची शाल पुढे करून तिच्यात घेतात. मी त्या हातांपाशी कितीतरी वेळ थांबलो होतो. आणि डाव्या कोपऱ्यात सगळ्यात खाली चित्रकार स्वतः, हातात आपलंच छोटं चित्र धरून.

सबा_औरंगाबाद
भक्तीचं म्हणाल तर मला शाहजहानची मुलगी जहाँआरा आठवते. तिचा भाऊ दारा शिकोह आणि ती दोघं मुल्ला शाहांचे मुरीद, म्हणजे शिष्य, मुल्ला शाह म्हणजे लाहोरच्या मियाँ मीरांचे शिष्य. दाराच्या एका चित्रकाराने काढलेलं पीरांचं, म्हणजे गुरू मुल्ला शाहांचं, चित्र तिच्याकडे होतं आणि ती ते श्रद्धेने बघत बसायची, हे तिने स्वतःच लिहून ठेवलंय. इथे पीर हयात होते, त्यामुळे चेहरा खरा असणार. पण तुमची आजी ख्वाजासाहेबांच्या फ्रेमसमोर बसायची तेही मला तेच वाटतं, चेहरा कल्पनेतला असला म्हणून काय झालं.

विदर्भकन्या
सबाताई, आजी रोज अंघोळ झाली की आधी ती काच पदराने पुसायची, मगच चहा. शालवाले हात लेकीला आत्ताच दाखवले, ती आता वहीत तेच काढत बसलीये.