दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी दिसतच नाहीये

सिडकोकर: पीसीच्या मदरबोर्डवर एम.२ स्लॉट आहेत, म्हणजे छोटी चपटी एसएसडी (स्टोरेज ड्राइव्ह) थेट बोर्डवर बसते ते. पहिल्या स्लॉटमधली एनव्हीएमई एसएसडी मस्त चालतेय. काल जुन्या लॅपटॉपमधली एम.२ एसएसडी दुसऱ्या स्लॉटला लावली तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) पण नाही आणि विंडोजमध्ये पण नाही, दोनदा काढून बसवली, स्क्रूही नीट आवळला. ताईच्या लग्नाचे फोटो त्यातच आहेत हो. बोर्ड गेला का?

गंगापूररोडवाला: घाबरू नकोस. सोनेरी पिनांमध्ये खाचा किती आहेत बघ, एक का दोन?

सिडकोकर: दोन.

गंगापूररोडवाला: मग बहुतेक साटावाली आहे, लेबलवर पण बघून घे. एम.२ हा नुसता आकार झाला रे, त्यात साटा (जुनी, हळू जोडणी) पण येते आणि एनव्हीएमई (पीसीआयई या वेगवान जोडणीवर चालणारी) पण, आणि बऱ्याच बोर्डांवर एखादा स्लॉट फक्त पीसीआयई चालवतो, मग साटावाली कितीही नीट बसवली तरी त्याला दिसणारच नाही. मॅन्युअलमध्ये स्टोरेजचा तक्ता असतो, तो वाच.

पंचवटीकर: उलटंपण होतं. माझ्याकडे एम.२ लावली आणि साटाचे दोन पोर्ट बंद पडले, हार्डडिस्क गायब! लाइन एकच, वाटून घेतात. आणि विंडोजने इनिशियलाइज किंवा फॉरमॅट विचारलं तर हो म्हणू नकोस, फोटो जातील.

सिडकोकर: तक्त्यात दुसरा स्लॉट फक्त पीसीआयईच लिहिलाय. एमजी रोडवरून एम.२ साटाचा यूएसबी केस (ड्राइव्ह आत घालून यूएसबीने बाहेरून जोडायची डबी) आणला, ड्राइव्ह लगेच दिसली, फोटो कॉपी होतायत. मनापासून थँक्स दोघांना.