खरेदीखत झालं म्हणून बाग गेली असं नाही
वर एकांनी लिहिलंय की चुलत्यांनी सावकाराकडून पैसे उचलताना हापूसच्या बागेचं खरेदीखत करून दिलं, आता काही होणार नाही. कृपा करून असं धरून बसू नका. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 याचं कलम 18 नेमकं यासाठीच आहे. कर्जाच्या तारणापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर अर्जाआधीच्या 15 वर्षांतला असा व्यवहार जिल्हा निबंधक चौकशी करून रद्द ठरवू शकतो, जमीन परत द्यायला लावू शकतो. हे काम सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक बघतात. तालुक्याला सहायक निबंधकांकडे आधी विचारा.

ही खरी विक्री नव्हती, कर्जाचं तारण होतं याचा पुरावा जमवा. व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, खात्यातून गेलेली रक्कम, फोनवरचे निरोप. खरेदीनंतरही आंबा चुलतेच उतरवत असतील तर ते सांगणारे शेजारी फार मोलाचे. बाग कोण राखतं हे अख्ख्या वाडीला माहीत असतं. शिवाय मुद्दलापेक्षा जास्त व्याज सावकाराला वसूल करता येत नाही, आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हाच आहे.



अर्जाचा निकाल लागेपर्यंत चुलत्यांना कुठल्याही नव्या कागदावर सही करू देऊ नका.