अपघात विम्यात कंबर बसत नाही म्हणतात, खरं का?

सावद्याचा_केळीवाला: केळी कापणीत मोठा भाऊ घड खांद्यावर घेऊन ट्रॅक्टरकडे निघाला, ओल्या पाल्यावर पाय सरकला नि कंबरेवर आदळला. वरून घड अंगावर. मणक्यातली गादी सरकलीय, कामधंदा बंद. पॉलिसीत काम बंद असेल तर दर आठवड्याला पैसे आहेत. कंपनीचं पत्र आलं : 'आधीपासूनचा आजार, अपघात नाही.' मागे एकदा कंबर दुखायची म्हणून एमआरआय काढलेला, तेवढंच धरून बसलेत. भो, मग अपघात म्हणायचं तरी कशाला? आणि अजून काय काय वगळलेलं असतं?

भुसावळ_विमावाला: दादा, अपघाताची व्याख्या सगळीकडे एकच : अचानक, ध्यानीमनी नसताना, बाहेरून आणि जोरात झालेली, दिसणारी घटना. नुसता घड उचलताना कंबर लचकली तर कंपनी वाद घालते. पाय घसरून पडला तर सरळ अपघात. फक्त ते पहिल्या केसपेपरवर हवं. डॉक्टर विचारतात काय होतंय, आपला माणूस सांगतो 'कंबर दुखते', तेवढंच लिहिलं जातं!
बाकी दारू पिऊन, लायसन्स नसताना गाडी चालवून, मारामारीत किंवा स्वतःहून करून घेतलेली इजा सहसा बसत नाही. आणि लकवा! तो झटक्यानं आला तर आजार धरतात, अपघात विम्यात येत नाही. निम्म्या लोकांना हे दावा फेटाळल्यावर कळतं.

चोपडेकर: आमच्या काकांची मळणी यंत्रात दोन बोटं गेली. बँकेतला २० रुपयेवाला सुरक्षा विमा होता. त्यात एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख, बोटांना शून्य. खाजगी पॉलिसीत बहुधा बोटागणिक विमा रकमेचे टक्के असतात, तो तक्ता बघा.

सावद्याचा_केळीवाला: केसपेपर काढला. 'शेतात पडून मार' असंच आहे. आता?

भुसावळ_विमावाला: मग निम्मं काम झालं. जुना नि नवा एमआरआय डॉक्टरांसमोर ठेवा, नवीन इजा कोणती ते लिहून घ्या. ते जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पुन्हा नकार आला तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. फी नाही, वकील लागत नाही, पण नकारानंतर वर्षाच्या आत जा. आणि एजंटाला फोन करत बसू नका, तो आता उचलणार नाही.