बारावीनंतर आर्ट हिस्ट्रीची डिग्री करावी का? कुठे करावी?

रसिका_करवीर
नमस्कार मंडळी, मी बारावी आर्ट्सला आहे, कोल्हापूरला. मला आर्ट हिस्ट्री शिकायचीय आणि ती पदवीपासूनच. चित्रकार व्हायचं नाहीये हे आधीच सांगते कारण घरी सगळ्यांचा तोच गोंधळ होतोय. चित्रं, मूर्ती, देवळं ही कुणी केली, कशी केली, कशासाठी केली हे मला शिकायचंय. आजोळ शिरोळकडचं असल्यामुळे खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर लहानपणापासून बघत आलेय आणि दरवेळी तेच प्रश्न पडतात, स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं का ठेवलं असेल, खांब कुठे चौकोनी कुठे आठकोनी कुठे एकदम गोल असं का, पण माहितीच्या पाटीवर राजाचं नाव आणि शतक यापलीकडे काही मिळत नाही. कॉलेजात विचारलं तर म्हणाले बीए हिस्टरी कर नाहीतर मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टला जा, तिसरं काही नसतं. बाबा म्हणतात बीए कर आणि सोबत एमपीएससीची तयारी कर. ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा झालीय, बी ग्रेड आहे, हात बरा आहे पण फार ग्रेट नाही. अशी डिग्री आपल्याकडे खरंच असते का, आणि करून पुढे काय? कुणी केली असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

बडोदेकर_नीरज
असते की. मी बडोद्याला एमएस युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत आर्ट हिस्ट्रीमध्येच बीव्हीए (बॅचलर ऑफ व्हिज्युअल आर्ट्स) केलंय, चार वर्षांचा कोर्स. तिसरं काही नसतं हे साफ चूक आहे. दुसरं ठिकाण म्हणजे शांतिनिकेतनचं कलाभवन, तिथेही हिस्ट्री ऑफ आर्टमध्ये बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) आहे. जेजेचं म्हणशील तर १८५७ पासूनची संस्था आहे, मोठीच आहे, पण तिथे मुलं प्रामुख्याने चित्र, शिल्प, अप्लाइड वगैरे करायला जातात आणि कलेचा इतिहास हा त्यातला एक विषय असतो. तुला तोच मुख्य हवा असेल तर ही दोन नावं आधी धर.

आता बीए हिस्टरी आणि यात फरक काय ते सांगतो, कारण घरी हाच मुद्दा समजावावा लागेल. इतिहासवाला आधी कागद, लेख, नाणी बघतो आणि मूर्ती हा त्याच्यासाठी पुरावा. आपल्याकडे वस्तूपासून सुरुवात. बघायचं, बघितलेलं लिहायचं, मग दुसऱ्या वस्तूशेजारी ठेवून परत बघायचं. अजिंठ्याचंच घे. दुसऱ्या टप्प्यातली लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, साधारण वीसेक वर्षांत झपाट्याने झाली असं कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, वाद अजून चालू आहे. पण त्यांच्या पुराव्यातला एक भाग काय होता माहितीये? दारं बसवायची पद्धत! दाराची फळी ज्या खुंटीवर फिरते तिच्यासाठी दगडात खाच करतात, ती कुठल्या लेण्यात कशी केलीय, कुठे सुधारलीय, कुठे जुन्या पद्धतीने सुरू करून मध्येच बदललीय, यावरून कुठलं काम आधीचं कुठलं नंतरचं हे ते लावत गेले. लाखो लोक पद्मपाणीचं प्रसिद्ध चित्र बघून जातात आणि त्या खाचांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मला हे वर्गात पहिल्यांदा कळलं तेव्हा ठरलं की आपल्याला हेच करायचंय.

पहिलं वर्ष फाउंडेशनचं, त्यात सगळ्यांना ड्रॉइंग, रंग, माती हे करावं लागतं, आर्ट हिस्ट्रीवाल्यांनाही. प्रवेशाला हाताची परीक्षा असते पण बी ग्रेडने घाबरू नकोस, सराव ठेव. आणि ते वर्ष वाया जात नाही, उलट एकदा स्वतः माती मळून आर्मेचरवर, म्हणजे आतल्या सांगाड्यावर, चढवली की ब्राँझ बघताना नजरच बदलते. नंतर भारतीय, पाश्चात्त्य, चीन-जपान, सौंदर्यशास्त्र, आधुनिक कला असं येत जातं, स्टडी टूर असतात, आणि लिखाण भरपूर. सरकारी युनिव्हर्सिटी आहे त्यामुळे फी खासगी डिझाइन कॉलेजांच्या मानाने फारच कमी. प्रवेशाचे नियम मात्र बदलत असतात, त्या त्या वर्षीचं साइटवर बघ.

शिवाय बडोदं आपल्याला परकं नाही. सयाजीरावांचं गाव, मराठी घरं अजून भरपूर आहेत. म्युझियममध्ये अकोट्याची जैन ब्राँझं आहेत, कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं, लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये रविवर्मा. कॉलेज सुटलं की सायकल काढून बघून यायचं.

गॅलरीवाली_माहीम
नीरजने सांगितलंय त्यात काही चूक नाही पण पोटापाण्याचं मी सांगते कारण मी त्यातच आहे, मुंबईत गॅलरीत काम करते, आधी एका ऑक्शन हाउसमध्ये होते. रसिका, नोकऱ्या आहेत पण जाहिरात बघून अर्ज केला आणि लागली असं फार कमी होतं. गॅलरी, ऑक्शन हाउस, म्युझियम, मोठ्या कलेक्टरांचे खासगी संग्रह, चित्रकारांच्या कुटुंबांकडचे अर्काइव्ह, प्रकाशनं, ही सगळी मिळून दुनिया छोटी आहे आणि ती बरीचशी मुंबई दिल्लीत आहे. सुरुवातीचा पगार कमी असतो आणि मुंबईत राहायचं म्हणजे पहिली दोनेक वर्षं घरून आधार लागतो, हे बाबांना आत्ताच सांग, नंतर कळलं तर जास्त त्रास होतो.

काम काय असतं? बाहेरून वाटतं उद्घाटनं आणि वाइन. मी दिवसभर काय करते तर एखादं चित्र आलं की त्याची मापं, माध्यम, सही कुठे आहे, मागच्या बाजूला कुठली लेबलं आहेत, कुठल्या प्रदर्शनात लागलं होतं, कुणाकडून कुणाकडे गेलं हे सगळं शोधून लिहायचं. चित्राची पाठ बघणं हा अर्धा धंदा आहे! फ्रेमवाल्याचा शिक्का, जुन्या प्रदर्शनाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, यावरून खरं खोटं ठरायला मदत होते. बॉम्बे स्कूलच्या, म्हणजे जेजेच्या परंपरेतल्या जुन्या, चित्रकारांवर काम निघालं की जुनी मराठी मासिकं, पत्रं, कॅटलॉग वाचावे लागतात आणि तिथे मराठी चांगलं येणारी माणसं खरंच हवी असतात. त्यातल्याच चित्रकार धुरंधरांनी आठवणी मराठीत लिहून ठेवल्यात, ते थेट वाचता येणं हे तुझं भांडवल आहे, मराठी सोडू नकोस.

पदवीनंतर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा म्युझियॉलॉजीचा (संग्रहालयशास्त्राचा) डिप्लोमा आहे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा आधुनिक कला आणि क्युरेशनचा (प्रदर्शनं मांडण्याचा) आहे. शिकवायचं असेल तर एमए आणि मग नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, व्हिज्युअल आर्ट विषयात हिस्ट्री ऑफ आर्ट धरलेली आहे.

प्रा_सांगली
मी इतिहास शिकवतो आणि वडिलांच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं असं वाटतं. पुरातत्त्व खात्यात किंवा सरकारी म्युझियममध्ये जायचं मनात असेल तर जाहिरातीतली पात्रता आधी वाच. बऱ्याच पदांना प्राचीन इतिहास, पुरातत्त्व अशा विषयांतली एमए मागतात आणि फाइन आर्ट्सची पदवी तिथे अडते, मुलांना हे फॉर्म भरताना कळतं. त्यामुळे दुसरा रस्ताही आहे. मुंबईत झेवियर्सला एन्शंट इंडियन कल्चर हा विषय बीएला घेता येतो, किंवा कुठल्याही बऱ्या कॉलेजात इतिहास किंवा संस्कृत घेऊन बीए कर आणि मग पुण्याला डेक्कन कॉलेजमध्ये एमए. मूर्तिशास्त्र, मंदिर स्थापत्य, शिलालेख सगळं तिथे येतं. घरच्यांना बीए हा शब्द ओळखीचा असतो, आणि तीन वर्षांनी एमपीएससीकडे वळावंसं वाटलं तर तेही करता येतं. खिद्रापूरवरच काम करायचं असेल तर यादव राजा सिंघणाचा शिलालेख तिथेच आहे, तो वाचता यायला हवा, हळेकन्नड (जुनी कन्नड) आणि संस्कृत दोन्ही त्या भागात लागतात. नुसतं शिल्प बघून भागणार नाही.

बडोदेकर_नीरज
सर, पात्रतेचा मुद्दा शंभर टक्के मान्य, रसिकाने तो गांभीर्याने घ्यावा. एमपीएससीबद्दल मात्र एक, राज्यसेवेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, बीव्हीएने ते दार बंद होत नाही. आणि जिला अठराव्या वर्षी खांबांचे आकार का बदलतात हा प्रश्न पडतो तिला तीन वर्षं आधी सनावळ्या करून ये मग देवळाकडे बघू असं सांगणं मला बरं वाटत नाही. लेख वाचायला नंतर शिकता येतं, डेक्कनला बीव्हीएनंतर जाता येतं का ते विचारून घ्यावं फक्त. बघायची सवय वेळेत लागली तर लागते.

हायडेलबर्गहून_केतकी
परदेशाचा विषय कुणी काढलाच तर थोडक्यात. जर्मनीत कुन्स्टगेशिष्टे, म्हणजे कलेचा इतिहास, हा जुना आणि मोठा विषय आहे, बॅचलरपासून शिकवतात. पण बॅचलर बहुतेक जर्मनमध्ये असतं, भाषा चांगली वरच्या पातळीची लागते, आणि आपल्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. फी बऱ्याच राज्यांत नाही पण आमच्या बाडेन व्युर्टेंबर्गमध्ये २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहे. माझं मत, पदवी भारतातच कर, खऱ्या वस्तू तुझ्या दाराशी आहेत. मास्टर्सला इकडे ये. मधल्या काळात जर्मन किंवा फ्रेंच एक भाषा सुरू कर, भारतीय कलेवरचं बरंच जुनं लिखाण या भाषांत आहे.

रसिका_करवीर
सगळ्यांचे खूप आभार, नीरजदादा, ताई, सर, केतकीताई. बाबांना संध्याकाळी सगळं वाचून दाखवलं. पगाराचं वाचून जरा गप्प झाले पण सरकारी युनिव्हर्सिटी आणि एमपीएससीचं दार उघडं आहे म्हटल्यावर म्हणाले बडोद्याला एकदा जाऊन बघून येऊ. दोन शंका आहेत अजून. माझं शिक्षण मराठी मीडियमचं आहे, इंग्लिश वाचता येतं पण लिहिताना अडखळते, निभेल का? आणि आत्तापासून परीक्षेपर्यंत मी काय करू, कुठली पुस्तकं वाचू?

बडोदेकर_नीरज
इंग्लिशमध्ये शिकवतात आणि लिहावंही इंग्लिशमध्येच लागतं. पहिलं वर्ष जड जातं, माझ्या वर्गात गुजराती मीडियमची, मराठी मीडियमची दोन्ही होती, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी फरक कळत नव्हता. रोज एक पान इंग्लिशमध्ये लिही, कशावरही.

पुस्तकं नंतर. तुझ्या गावातच टाउन हॉल म्युझियम आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीला १९४० च्या दशकात सापडलेला ब्राँझचा पोसायडन त्यांच्या संग्रहात आहे, ग्रीक रोमन समुद्रदेव, वीतभरसुद्धा उंच नाही. त्याच्यासमोर वही घेऊन उभी राहा आणि आधी काहीही न वाचता लिही. वजन कुठल्या पायावर आहे, कंबर कुठे वळलीय, खांदे कुठल्या बाजूला कलले, दाढी कशी कोरलीय, हात कुठवर शाबूत आहेत, हातात काय असावं, मागून कसा दिसतो, झीज कुठे आहे. शेजारी एक स्केच काढ, कसंही चालेल. मग घरी येऊन वाच की रोमन वस्तू कोल्हापुरात कशी आली, सातवाहन काळातला समुद्री व्यापार, कोकणातली बंदरं, घाटवाटा, त्यातून तुझा इतिहासही आपोआप होतो.

खिद्रापूरलाही असंच. स्वर्गमंडपात आतल्या गोलाभोवतीचे खांब वेगळे मोज, बाहेरचे वेगळे, आणि एकेका खांबाचा आकार खालून वर कुठे कुठे बदलतो ते कागदावर उतरव. खाली मधोमध गोल शिळा आहे, ती आणि वरचं उघडं वर्तुळ यांची मापं जवळपास सारखी येतात का ते स्वतः बघ. सकाळी, दुपारी ऊन त्या वर्तुळातून कुठे पडतं तेही लिही. मुलाखत झाली तर ही वही सोबत ने. मला आमच्या वेळी शेवटी बघितलेल्या एका वस्तूबद्दल बोल असंच सांगितलं होतं आणि पाठ केलेलं तिथे काही कामाला आलं नाही.

बडोद्याला याल तेव्हा इथेच मेसेज टाक, पुष्पबागेतला आमचा डिपार्टमेंट आणि लायब्ररी दाखवतो. सोमवार टाळा, बऱ्याच म्युझियमना सुट्टी असते.