विषय: सरावासाठी स्टील-केस काडतुसं घ्यावीत का?

प्रेषक: सातपूर, नाशिक

नमस्कार मंडळी,
पुतण्या डॅलसला असतो. तिथल्या रेंजवर कागदी टार्गेटच्या सरावाला एआर-१५ रायफल वापरतो. .२२३ ची पितळी काडतुसं महाग पडतात म्हणून स्टील-केसची पेटी घ्यायची म्हणतोय. आमच्या एमआयडीसीत डीप ड्रॉइंगचं काम रोजचं, तेव्हा धातूपुरतं मी सांगतो. रायफलीचं तुम्ही सांगा.

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. फैर झाडली की केस, म्हणजे काडतुसाचं नळकांडं, फुगून चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला टेकते, गॅस मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरताच आकसून सुटी होते. हे आकसणं, म्हणजे स्प्रिंगबॅक, धातूच्या ताकदीला त्याच्या इलॅस्टिक मॉड्युलसने, म्हणजे ताठपणाच्या मापाने, भागून येतं. पितळाचा मॉड्युलस ११० गिगापास्कलच्या आसपास, स्टीलचा २००. म्हणजे तेवढ्याच ताकदीचं स्टील साधारण निम्मंच आकसतं. त्यातून कडक असल्यामुळे तोंडाजवळ भिंतीला नीट टेकतही नाही. वरचा लॅकर किंवा पॉलिमरचा थर गंज लागू नये आणि केस सरकावी म्हणून असतो. तो वितळून चेंबरमध्ये चिकटतो असं पुतण्याने ऐकलंय. खरं का?

प्रेषक: ह्यूस्टन

काका, नमस्कार.
लॅकर वितळण्याची गोष्ट फार पसरली आहे, पण चिकटते ती काजळी. कारण तुम्हीच लिहिलंत: केसचं तोंड टेकत नाही, जळक्या पावडरची काजळी केसच्या बाजूने मागे येते आणि चेंबरमध्ये साचते. पुढच्या स्टीलच्या फैरींचं त्यामुळे सहसा अडत नाही. पण शे-दीडशे स्टील झाडून लगेच पितळी काडतूस घातलं की ते फुगून त्या काजळीत रुतून बसतं आणि दोष लॅकरवर जातो. म्हणून आधी पितळी झाडायची, मग स्टील. उलट करायचं असेल तर मध्ये चेंबर ब्रश फिरवायलाच हवा.

‘एके रायफलमध्ये चालतं मग इथे का नाही’ असं पुतण्या विचारेलच. एकेच्या ७.६२ × ३९ ची केस चांगली निमुळती, जराशी मागे सरकली की सगळीकडून सुटते. .२२३ ची जवळजवळ सरळ आहे, ती घासतच बाहेर येते. चेंबर ५.५६ किंवा .२२३ वाइल्ड, म्हणजे जरा सैल मापाचं, असेल तर बरं. स्पर्धेसाठीच्या घट्ट मॅच चेंबरमध्ये स्टील घालू नये.

आणखी एक गोष्ट म्हणजे पावडरचा भरणा. स्वस्त स्टील .२२३ पुष्कळदा मिळमिळीत भरलेली असते. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा, मागेपुढे सरकणारा भाग) पुरता मागे जात नाही, रिकामी केस दारात अडकते किंवा पुढचं काडतूस उचललंच जात नाही. पेटी घेण्याआधी २०-२० चे दोन बॉक्स आणावेत. मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून झाडायचं आणि बोल्ट मागे अडकून राहतो का पाहायचं, असं पाच वेळा. केसा कुठे पडतात तेही बघा. नळी बाराच्या दिशेला धरली तर तीन-चारच्या काट्याकडे पडल्या की ठीक, पाचच्या मागे पडू लागल्या तर बोल्ट ढकलणारा गॅस कमी पडतोय. एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे केस ओढून काढणाऱ्या आकड्याची, स्प्रिंग जुनी असेल तर आधी बदला, स्टीलची घट्ट केस ओढताना पहिली तीच हार खाते.

प्रेषक: कोलंबस, ओहायो

दादाने केसचं सांगितलं, पण माझ्या मते खरा खर्च गोळीत आहे. यातल्या बहुतेक गोळ्यांचं आवरण बायमेटल, म्हणजे स्टीलवर तांब्याचा पातळ मुलामा. गोळीला चुंबक लावला की कळतं. अनेक रेंजेस दारातच चुंबक लावून अशा गोळ्या परत पाठवतात, कारण ठिणगी उडते आणि मागच्या स्टील प्लेटा खराब होतात. आधी फोन करून विचारावं.

२०१३ मध्ये लकी गनर या विक्रेत्याने चार बुशमास्टर रायफलींतून प्रत्येकी १०,००० फैरींचा प्रयोग केला होता. पितळी फेडरलवाली रायफल एकदाही अडली नाही. स्टील-केसच्या तीन ब्रँडपैकी ब्राउन बेअर आणि वुल्फवाल्या थोड्या अडखळल्या, तुलावाली मध्येच बाद झाली. बायमेटलच्या नळ्या पितळीवालीच्या कितीतरी आधी झिजल्या. तरीही तेव्हाच्या भावात वाचलेल्या पैशात नवी नळी येऊन वर शिल्लक राहत होती. मात्र सप्टेंबर २०२१ पासून अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवे परवाने बंद केले, आणि यातला मोठा माल तिथलाच. त्यामुळे जुने आकडे धरू नका, आजचा प्रति फैर भाव काढा. पितळी केस पुन्हा भरता येते, स्टीलची बहुधा बर्डन प्रकारच्या प्रायमरची (प्रायमर म्हणजे पावडर पेटवणारी बुडातली टोपी, बर्डनची बदलायला अवघड), ती भंगारातच जाते. हाही फरक हिशेबात घ्या.

प्रेषक: गंगापूर रोड, नाशिक

मी इथे मुलांना .२२ शिकवते, आमच्याकडे स्टील-केसचा प्रश्न येत नाही. ५.५६ आणि ७.६२ × ३९ इथे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्यांना मनाई असलेली, त्यांचा विषय तिकडचाच. साफसफाईचं मात्र सगळीकडे सारखं.

हल्लीची स्टील-केस बहुतेक नॉन-करोझिव्ह, म्हणजे नळी न गंजवणारी, असते. जुना लष्करी डबेबंद माल, विशेषतः ७.६२ × ५४ आर, तसा धरू नये. त्याच्या प्रायमरमधल्या पोटॅशियम क्लोरेटचं पोटॅशियम क्लोराइड होतं आणि ते मिठासारखं हवेतलं पाणी ओढतं. तेलात ते विरघळत नाही. आधी गरम पाणी ओतून नळी, बोल्ट आणि गॅसचे भाग धुवा, कोरडे करा, मगच तेल. चेंबरला साधा नळीचा ब्रश पुरत नाही, खांदा असलेला चेंबर ब्रशच लागतो. काडतुसांवर तेल किंवा डब्ल्यूडी-४० कधीच मारू नका, प्रायमरमध्ये झिरपलं की काडतूस फुसकं निघतं. फैरीचा आवाज ‘फुस्स’ आला तर दुसरी झाडू नका, गोळी नळीतच असू शकते.

आणि एक कळकळीचं: रेंजवर नेता ती बॅग नाशिकला येताना वापरू नका. अस्तरात राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या स्कॅनरमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याचं कलम २५ समोर येतं. रिकामी केस आठवण म्हणूनही आणू नका. पुतण्याला हे आधी सांगा.

प्रेषक: सातपूर, नाशिक

ताई, बॅगेचं आजच कळवतो. पुतण्या म्हणतो रायफलमध्ये एच-टू बफर (बोल्टच्या मागचं वजन) आहे आणि दोन बॉक्समधल्या बऱ्याच केसा पाचच्या मागे पडल्या. एक केस तर आतच रुतली, हँडल ओढूनही निघेना. अशा वेळी काय करायचं?

प्रेषक: ह्यूस्टन

काका, एच-टू साडेचार औंसांच्या पुढचा, मिळमिळीत भरण्याला जड. साधा तीन औंसांचा कार्बाइन बफर लावून तीच पाच फैरींची चाचणी पुन्हा करू दे.

रुतलेल्या केसचं: बोट खटक्यावरून दूर, मॅगझिन बाहेर, नळी टार्गेटकडे. आत रिकामी केसच आहे याची खात्री असेल तर बट आखूड करायचा, तोंड नळीपासून दूर ठेवायचं, हँडल मागे ओढून धरत बट जमिनीवर सरळ आपटायचा. एक्स्ट्रॅक्टर कडेवरून निसटला असेल तर नळीच्या तोंडाकडून गज घालून हलके ठोके द्यायचे. जिवंत काडतुसाची शंका जरी आली तरी आपटायचं नाही आणि गजही घालायचा नाही, रेंज ऑफिसरला हाक मारायची. केस निघाल्यावर चेंबर घासून मगच पुढची फैर.